जुनी मारुती जिप्सी की जुनी महिंद्रा एमएम ५४० जीप?

मुळशीच्या शेतावर जायला भाच्याला स्वस्तातली फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणारी गाडी) हवी आहे, आणि तो या दोघींत अडकलाय.

जिप्सीचं १.३ लिटर पेट्रोल इंजिन हलकं, चालवायला सुखाचं. एमएम ५४० चं २.१ लिटर प्युजो डिझेल धडधडतं, पण ओझं ओढतं.

खरा खर्च पत्र्याचा. इंजिन बांधून घेता येतं, सडलेली चेसिस, म्हणजे गाडीचा सांगाडा, नाही! जिप्सीचा पत्रा पातळ. गाडी कोकणातली असेल तर तळ हातोडीने ठोकून बघच. जीपचं सपाट पत्राकाम गावचा वेल्डरही करतो.

दोघींनाही १५ वर्षांनंतर आरटीओत फिटनेस तपासणी आहेच. चेसिस नंबर आरसीशी जुळला नाही, तर फुकटही घेऊ नकोस.

चिखलवाटा, घाट, हौस असेल तर जिप्सी. रोजची पोती वाहायची असतील तर जीप.