समस्याधारित अध्यापनाची कार्यशाळा: एका शिक्षकाचा अभिप्राय

वैद्यकीय शिक्षकांसाठीच्या या दोन दिवसांच्या कार्यशाळेने, ही पद्धत नुसत्या वाचनाने कळते ही माझी एक जुनी समजूत मोडली. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात १९६९ पासून राबवल्या गेलेल्या समस्याधारित अध्ययनात व्याख्यानाआधी रुग्ण येतो, म्हणजे विद्यार्थी आधी रुग्णाची समस्या हाताळत त्यातून विषय शिकतात, हे वाचून ठाऊक होते. पण आम्हा आठ जणांच्या गटापुढे छातीत दुखणाऱ्या रुग्णाची हकिगत ठेवून, आपल्याला काय ठाऊक आहे आणि काय शोधावे लागेल, हे आमच्याच तोंडून वदवून घेतले गेले, तेव्हा विद्यार्थ्याची अस्वस्थता प्रथमच जाणवली. मार्गदर्शकाने उत्तर न देता नेमका प्रश्न विचारायचा आणि मग शांत राहायचे, हे सर्वांत अवघड कौशल्य येथे फार मनापासून शिकवले. केवळ त्यासाठीही, गट चालवण्याची जबाबदारी नव्याने आलेल्या शिक्षकांनी येथे अवश्य यावे. नेदरलँड्समधील मास्ट्रिख्ट विद्यापीठाची, गटाने समस्या सोडवण्याची सात टप्प्यांची रीत मात्र घाईत उरकली. मूल्यमापनाचे सत्र तर अपुरेच होते. गटात अबोल राहणाऱ्या, पण कसून वाचून येणाऱ्या विद्यार्थ्याला गुण कसे द्यायचे, या माझ्या प्रश्नाला समाधानकारक उत्तर मिळाले नाही, आणि या पद्धतीत शरीररचनाशास्त्राचा पाया कच्चा राहण्याची अनेकांना वाटणारी भीतीही चर्चेविनाच राहिली.