भिंतीवरचे सेनापती: तीन फ्रेम आणि एक पावसाळा

हॉलच्या मोठ्या भिंतीसाठी मे महिन्यात तीन कृष्णधवल फोटो करून घेतले. १९७१ची पाकिस्तानी सैन्याची ढाक्यातली शरणागती, आणि दुसऱ्या महायुद्धातले दोन अमेरिकन सेनापती: पॅराट्रूपर्सशी बोलणारा आयझेनहॉवर आणि फिलिपिन्समधल्या लेयटे बेटाच्या किनाऱ्यावर पाण्यातून चालत येणारा मॅकआर्थर. मधे पुण्याचा अख्खा पावसाळा गेला, त्यामुळे आता बोलायला हरकत नाही.

आधी निवडीबद्दल. पदकं लावून स्टुडिओत बसलेला जनरल मला नको होता. असा फोटो थोड्याच दिवसांत कॅलेंडरसारखा होतो, भिंतीवर असूनही दिसेनासा. सेनापती काहीतरी करत असेल आणि चौकटीत आणखी माणसं असतील, तर फोटो टिकतो.

सगळ्यात जास्त बघितला जातो तो आयझेनहॉवर. ५ जून १९४४ची संध्याकाळ, इंग्लंडमधलं ग्रीनहॅम कॉमन. काही तासांत १०१व्या एअरबोर्न डिव्हिजनची ही पोरं जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये, नॉर्मंडीत उतरणार आहेत. तोंडाला काळं फासलंय, समोरच्या लेफ्टनंट स्ट्रोबेलच्या गळ्यात २३ नंबरची पाटी आहे. साहेबांचा हात असा उगारलेला, की वाटावं शेवटचा आदेश देतायत. स्ट्रोबेलने पुढे सांगितलं ते वेगळंच: गप्पा मासेमारीच्या चालल्या होत्या! मोहीम फसली तर दोष माझा, अशा अर्थाची चिठ्ठी आयझेनहॉवरने त्याच दिवशी लिहून ठेवली होती, आणि तिच्यावर जूनऐवजी जुलै महिना घातला होता. हे कळल्यापासून त्या चेहऱ्याकडे मी वेगळ्या नजरेने बघतो.

मॅकआर्थरला प्रसिद्धीची हौस दांडगी. पण २० ऑक्टोबर १९४४ला बोट उथळ पाण्यात अडली आणि स्वारीला गुडघाभर पाण्यातून चालत यावं लागलं. चेहऱ्यावरचा वैताग मोठ्या प्रिंटमध्येच नीट दिसतो, मोबाइलवर नाही.

हे दोन्ही फोटो अमेरिकन लष्कराचे, त्यामुळे कॉपीराइटची भानगड नाही. तिथल्या सरकारी संग्रहांच्या साइटवर मोठ्या स्कॅन फाइली फुकट मिळतात. त्या उतरवून जवळच्या लॅबमध्ये मॅट कागदावर छापून घेतल्या. २० बाय १६ इंची प्रिंट ३०० डीपीआयला (म्हणजे इंचाला ३०० ठिपके) हवी असेल तर फाइल ६००० बाय ४८०० पिक्सेलची लागते. २००ला छापली तरी चार फुटांवरून फरक कळत नाही. रंगवलेल्या आवृत्त्यांच्या वाटेला जाऊ नका, चेहरे मेणाचे दिसतात.

ढाक्याचा फोटो ऑनलाइन विक्रेत्याकडून तयार फ्रेमसकट मागवला होता आणि मनस्ताप तिथेच झाला. खाली ठसठशीत अक्षरांत ‘जनरल माणेकशा शरणागती स्वीकारताना’. अहो, माणेकशा त्या दिवशी ढाक्यात नव्हतेच! सही करणाऱ्या पाकिस्तानी जनरल नियाझींच्या शेजारी पगडी घातलेले बसलेत ते पूर्व कमांडचे लेफ्टनंट जनरल जगजितसिंग अरोरा. मागे व्हाइस अॅडमिरल कृष्णन, एअर मार्शल दिवाण, सगतसिंग आणि अगदी उजवीकडे मेजर जनरल जेकब. शरणागतीची बोलणी करून नियाझींना या टेबलापर्यंत आणलं ते जेकबनी, आणि फ्रेमच्या मापात बसवायला या पठ्ठ्याने नेमकी उजवी बाजूच कापलेली. परत पाठवला. दुसरीकडून न कापलेला, बिनमथळ्याचा घेतला. मागवण्याआधी मागे उभे असलेले चेहरे मोजा.

२०२४च्या डिसेंबरमध्ये याच प्रसंगाचं चित्र दिल्लीच्या साउथ ब्लॉकमधल्या लष्करप्रमुखांच्या दालनातून काढून माणेकशा सेंटरला हलवलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. भिंतीवर काय लावायचं याला किती वजन असतं बघा. आमच्याकडेही झालाच म्हणा. आत्या आल्या आल्या म्हणाली, “अरे, घरात लढाईची चित्रं लावतात का? भांडणं होतात.” मी म्हटलं, “आत्या, ही लढाई संपल्याची आहे.” तिने ढाक्याला मंजुरी दिली. बाकीच्या दोघांबद्दल अजून कुरकुर आहे.

आता पावसाळा. मॅकआर्थरच्या फ्रेमला माउंट (फोटो आणि काच यांच्यात अंतर ठेवणारी पुठ्ठ्याची चौकट) नव्हता, कागद थेट काचेला टेकलेला. ऑगस्टमध्ये डाव्या कोपऱ्यात, बरोबर समुद्राच्या पाण्यावर, रुपयाएवढा ओलसर चट्टा दिसायला लागला. उघडून पाहिलं तर प्रिंट काचेला चिकटलेली, ओढली की वरचा थर निघतोय. मागचा एमडीएफचा (दाबलेल्या लाकडी भुशाचा) बोर्डही फुगलेला. नवीन प्रिंट काढावी लागली. माउंट असलेल्या दोघांना काही झालं नाही. आता तिन्हींना दोन इंची माउंट आहे आणि चारही कोपऱ्यांना मागून रबराचे तुकडे, म्हणजे भिंत आणि फ्रेम यांच्यात हवा खेळते. बाहेरच्या भिंतीवर लावणार असाल तर हे कराच.

काच साधी घेतली तर काळ्या भागात आपलंच तोंड आणि समोरची ट्यूबलाइट दिसते. नॉन-ग्लेअर, म्हणजे न चकाकणारी काच, महाग पडते, पण मी फक्त ढाक्याला बसवली आणि खिडकीसमोर असूनही तोच फोटो दिवसभर स्वच्छ दिसतो. बाकी दोघांनाही दिवाळीच्या बोनसमधून बसवायची होती, ते पैसे गीझरने खाल्ले.