रॉड बुडवून पाणी 'तपासून' देणाऱ्यांना सोसायटीत घेऊ नका

आमच्या सोसायटीतल्या 18 घरांचे मिळून 36,720 रुपये पिण्याच्या पाण्याचे जार विकणाऱ्यांकडे गेले. घरटी दोन जारचं डिपॉझिट 600, म्हणजे 10,800. शिवाय तीन महिन्यांचे 648 जार, 40 रुपयांनी, आगाऊ 25,920. जेमतेम सव्वा महिना जार आले, मग फोन बंद.

डेमो तुम्हीही पाहिला असेल. एका पेल्यात नळाचं पाणी, दुसऱ्यात त्यांचं, दोन्हींत विजेचे रॉड. मिनिटभरात नळाचं पाणी तांबूस-काळं होऊन वर साका धरतो, त्यांचं मात्र नितळ राहतं. तो साका पाण्यातला नसतोच, लोखंडी रॉड झिजून उतरलेला गंज असतो. नळाच्या पाण्यातल्या क्षारांमुळे वीज वाहते. आरओच्या पाण्यात क्षार नावापुरते, म्हणून काही होत नाही. त्यांच्याच पेल्यात चिमूटभर मीठ टाकायला लावा, तेही तसंच होईल. टीडीएस मीटरलाही फक्त विरघळलेले क्षार कळतात. 40 टीडीएसच्या पाण्यातही ई-कोलाय, म्हणजे विष्ठेतून येणारा जिवाणू, असू शकतो.

पण चोरी पकडायची खरी जागा होती तो त्यांनी आणून दिलेला पाणी-तपासणीचा रिपोर्ट. सकाळी नमुना नेला आणि त्याच संध्याकाळी 'कोलिफॉर्म (दूषित पाण्याची खूण असलेले जिवाणू): आढळले नाहीत' अशा अर्थाचा छापील कागद हातात! अहो, जिवाणू आधी वाढवावे लागतात, मग दिसतात. त्याला 24 तास लागतात, कधी 48. संध्याकाळी तो निकाल येणारच कसा? तळाशी बारीक अक्षरात 'नमुना पार्टीने आणून दिला' असंही होतं. म्हणजे नमुना त्यांनीच दिलेला; बाटलीत कुठलं पाणी होतं, देव जाणे. जारवर 'आयएस 10500' छापलेलं. तो पिण्याच्या पाण्याचा सर्वसाधारण निकष, पॅकबंद पाण्याचा 14543. पण शिक्का, सही, नंबर असलेल्या कागदावर विश्वास ठेवला, यात लोकांचा काय गुन्हा? नळाला गढूळ पाणी येत होतं, घरोघरी लहान मुलं आहेत.

तक्रारीचं तर विचारूच नका. एका कार्यालयात म्हणाले, सील नसलेला जार म्हणजे पॅकबंद पाणी नव्हे, आमच्याकडे येत नाही. दुसरीकडे म्हणाले, आम्ही फक्त नळाचं पाणी बघतो. चौकीत सांगितलं, देण्याघेण्याचा वाद आहे, कोर्टात जा. मग रोज टेम्पो भरून विकलं जाणारं हे पाणी कोणाच्या अखत्यारीत येतं? उद्या कोणाला कावीळ झाली तर जबाबदार कोण? आम्ही अर्ज, पावत्या, जारचे फोटो, सगळं दिलं. पोच द्यायलासुद्धा खळखळ!

जारवर एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, 14 आकडी परवाना नंबर नसेल तर घेऊच नका. ऑक्टोबर 2024 मध्ये अन्नसुरक्षा नियमांतली पॅकबंद पाण्यावरच्या आयएसआय चिन्हाची सक्ती निघाली; तरी चिन्ह छापलेलं असेल तर खालचा सीएम/एल (त्या चिन्हाच्या परवान्याचा) नंबर भारतीय मानक ब्यूरोच्या बीआयएस केअर ॲपवर टाका, नाव-पत्ता जुळतो का बघा. तपासणी करायची तर न फोडलेला जार स्वतः प्रयोगशाळेत न्या आणि 250 मिलीत ई-कोलाय आहे का, हे लेखी मागा. सुटं पाणी असेल तर प्रयोगशाळेचीच निर्जंतुक बाटली घ्या, ती विसळू नका, बर्फात ठेवून सहा तासांच्या आत पोचवा. घरी एचटूएसची, म्हणजे जिवाणू असले तर पाणी काळं करणारी तपासणीची, कुपी खुणेपर्यंत भरून उबेला ठेवा. 48 तासांत काळी पडली तर ते पाणी पिऊ नका. नाही पडली तरी तेवढ्यावर निर्धास्त होऊ नका, रसायनं त्यात कळत नाहीत. डिपॉझिटची पावती परवाना नंबरासकट घ्या, आणि तीन महिन्यांचे आगाऊ पैसे कोणालाही देऊ नका.