कांद्याच्या रानात ओतलेले 1 लाख 22 हजार

शिरूर तालुक्यात आमचं दोन एकर बागायत आहे. रब्बीत कांदा करतो, माल पुण्याला गुलटेकडीच्या मार्केट यार्डात जातो. मागच्या वर्षी ह्या रानासाठी बायोचार, म्हणजे जमिनीत मिसळायचा काडीकचऱ्याचा कोळसा, विकत घेतला आणि फसलो. हाच माल अजून गावोगाव विकला जातोय, म्हणून सगळं आकड्यांनिशी लिहितोय.

पुण्यात एका प्रदर्शनात एक मुलगा भेटला. शिकलेला, बोलायला गोड. "काका, खताचा खर्च निम्म्यावर येईल, उत्पन्न 25 टक्के वाढेल आणि वर कार्बन क्रेडिटचे पैसे दर वर्षी खात्यात." पुढच्या आठवड्यात तो रानात आला आणि बांधावरच हिशोब मांडला. एकरी 2 टन माल, 28 रुपये किलो. दोन एकरांचे 1 लाख 12 हजार. क्रेडिटच्या नोंदणीचे एकरी 5 हजार म्हणजे 10 हजार, भाडं वेगळं. क्रेडिटमधून एकरी वर्षाला 15 हजार मिळणार, म्हणजे चार वर्षांत जवळजवळ सगळं फिटून पुढे नफा. आण्णा म्हणाले, आधी दहा गुंठ्यांत टाकून बघ. मी ऐकलं नाही. कांदाचाळ बांधायला साठवलेले पैसे दिले.

त्याचा 25 टक्क्यांचा आकडा खोटा नव्हता, म्हणूनच मी गळाला लागलो. जगभरच्या चाचण्या एकत्र करून 2017 साली हा आकडा निघाला आहे. उष्ण कटिबंधातल्या शेतांत सरासरी तेवढी वाढ दिसली, थंड देशांत दिसलीच नाही. पण ही वाढ मुख्यतः आम्लधर्मी, धुपून निकस झालेल्या जमिनींतली. बायोचार स्वतः अल्कधर्मी असतो, तिथे तो चुन्यासारखं काम करतो. मावळ-मुळशीकडच्या भातखाचरांना असा माल कदाचित मानवेल. माझ्या काळ्या चुनखडीच्या रानाचा सामू (pH) 8.2 आहे. आधीच अल्कधर्मी जमिनीत त्या गुणाचा उपयोग काय? माती तपासणीचा कागद घरातच होता. त्या मुलाने मागितला नाही आणि मीही काढून बघितला नाही.

माल आला तो ओलाचिंब. "धूळ उडू नये म्हणून भिजवलाय," असं सांगितलं. धूळ उडते हे खरं, पण कोळसा भरपूर पाणी धरतो आणि वजन त्या पाण्यासकट झालं होतं. नंतर शंका आली म्हणून 10 किलो माल ताडपत्रीवर आठवडाभर वाळवला. 6 किलो भरला. म्हणजे 4 टनांत कोरडा माल 2.4 टनच, आणि 28 रुपयांचा भाव प्रत्यक्षात 46 रुपयांच्या वर गेला. शिवाय पक्कं बिल नाही, वहीतल्या पानावर लिहून दिलेली पावती.

आम्ही तो माल तसाच फेकून रोटर मारला आणि लागण केली. महिनाभरात पात पिवळी पडली. कोरा बायोचार जमिनीतलं नत्र स्वतःत धरून ठेवू शकतो. तो आधी शेणखतात किंवा गोमूत्रात मुरवायचा असतो, हे विकणाऱ्याने सांगायला हवं होतं. वरून युरियाचा जादा हप्ता द्यावा लागला. कडेची आठ गुंठे माल कमी पडल्यामुळे तशीच राहिली होती. काढणीला तिथला कांदा आणि बाकीचा कांदा यांत फरक दिसला नाही.

क्रेडिटचं तर सगळंच पोकळ निघालं. एक क्रेडिट म्हणजे हवेबाहेर ठेवलेला एक टन कार्बन डायऑक्साइड, त्याचं प्रमाणपत्र कंपन्या विकत घेतात. एक टन चांगला बायोचार साधारण अडीच टन कार्बन डायऑक्साइडइतका कार्बन धरतो. माझ्या रानात गाडलेल्या मालाचे म्हणून सहाएक क्रेडिट झाले असते, तेही एकदाच. गाडलेला कार्बन दर वर्षी नव्याने मोजला जात नाही! आणि ते क्रेडिट बहुतेक वेळा बायोचार तयार करून त्याची मोजणी आणि प्रमाणपत्र करून घेणाऱ्याकडे जातात. विकत घेऊन टाकणाऱ्याच्या खात्यात आपोआप काही येत नाही. माझ्या सहीच्या कागदावर तर बारीक अक्षरात लिहिलं होतं की कार्बनवरचे सर्व हक्क मी कंपनीला देतोय. असा कागद समोर आला तर घरी आणा, कोणाकडून तरी वाचून घ्या, मगच सही करा.

बायोचार वाईट नाही. उसाच्या पाचटाचा कोळसा करायची भट्टी आपल्याच डॉ. आनंद कर्वे यांच्या, ग्रामीण तंत्रज्ञानावर काम करणाऱ्या आरती (ARTI) संस्थेने केली, 2002 साली तिला ॲश्डेन पुरस्कार मिळाला. तो कोळसा जळणासाठी होता, पण कोळसा करणं हे काही परदेशातून आणायचं गुपित नाही. निमुळता खड्डा खणून त्यात तुराट्या, मक्याची बुरकुंडं वरून पेटवायची, राख धरायला लागली की पुढचा थर टाकायचा, शेवटी पाण्याने विझवायचं. वाळलेल्या काडीकचऱ्याचा चौथा-पाचवा हिस्सा कोळसा मिळतो. एकरी 2 टन करायला 8 ते 10 टन काडीकचरा लागेल, तो छोट्या शेतकऱ्याकडे नसतोच. म्हणून परवडतं ते थोडं आणि मुळाशी टाकणं. नेपाळात 2015 साली छापून आलेल्या एका चाचणीत गोमूत्रात भिजवलेला बायोचार भोपळ्याच्या मुळांशी हेक्टरी 750 किलोच घातला होता, आणि पीक खूप वाढलं. म्हणजे एकरी 300 किलो. मला एकरी 2 टन विकले.

फोन आता लागत नाही. ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवली, जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज टाकतोय. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, पण तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं. त्यासाठी पावतीचं पान, सहीचा कागद आणि वाळवताना काढलेले फोटो एका पिशवीत ठेवलेत. वाळवलेला तो 6 किलो माल आण्णांनी शेणाच्या गाऱ्यात मुरत टाकलाय, परसातल्या दोन दुधी भोपळ्यांच्या आळ्यांत घालण्यासाठी.