जुन्या जिप्सीचे लॉक एका किल्लीवर करून घेताय? आधी हे वाचा

जुनी जिप्सी, कमांडर, सुमो, कुठलीही असली गाडी असेल आणि दारांचे लॉक काढून एकाच किल्लीवर करून घ्यायचे असतील तर बॅरल, म्हणजे लॉकचा किल्ली घालून फिरवायचा गोल भाग, कोणालाही दुकानात न्यायला देऊ नका. काम आपल्या दारात, आपल्या डोळ्यांसमोर झालं पाहिजे. माझ्या बाबतीत काय झालं ते सगळं सांगतो, कारण ही फसवणूक वरून बघून कळतच नाही, गाडी उघडी असते आणि आपण लॉक केली म्हणून निवांत झोपतो.

माझी जिप्सी हार्डटॉप आहे, १३०० सीसीवाली, सेकंडहँड. घेतली तेव्हा आधीच्या मालकाने किल्ल्यांचा जुडगाच हातात दिला, इग्निशनची वेगळी, उजव्या दाराची वेगळी, डाव्याची वेगळी, आणि मागच्या दाराचं लॉक जाम. एवढ्या जुन्या गाडीत हे कॉमन आहे, एक लॉक बिघडलं की कोणीतरी दुसऱ्या गाडीचं आणून बसवतं. जिप्सी १९८५ ला आली आणि २०१९ ला बंद झाली, आता मूळ लॉक सेट सहज मिळत नाही, म्हणून आहेत तेच बॅरल इग्निशनच्या किल्लीवर करून घ्यायचं ठरवलं. गॅरेजवाल्याच्या ओळखीने एक किल्लीवाला आला, बोलायला एकदम गोड. साहेब सगळ्या नवीन पत्त्या टाकतो, कंपनीसारखं काम होईल, साडेतीन हजार द्या. दारं खोलून बॅरल काढले आणि मग म्हणाला हे मशीनवर करावं लागतं, दुकानात नेतो, संध्याकाळी आणतो. संध्याकाळी आणून बसवले, तिन्ही दारांना एकच किल्ली अगदी अलगद फिरत होती. बिल मागितलं तर म्हणे आमच्या कामात बिल नसतं.

पुढे एकदा ग्रुपबरोबर ताम्हिणीला गेलो होतो, पाऊस जोरात, दोन जिप्सी शेजारी शेजारी लावलेल्या. मित्र घाईत चुकून माझ्या गाडीपाशी गेला आणि त्याच्या किल्लीने माझं दार उघडून आत बसला! इग्निशनला मात्र ती किल्ली फिरेना तेव्हा त्याच्या लक्षात आलं की गाडी आपली नाही. आम्ही मग सगळी दारं बघितली, तिन्ही उघडली. बारीक चपट्या स्क्रू ड्रायव्हरने सुद्धा उघडली. या गाडीला सेंट्रल लॉक नाही, चुकीच्या किल्लीने इंजिन सुरू न होऊ देणारा इमोबिलायझर नाही, आतल्या सामानाला त्या दाराच्या लॉकशिवाय दुसरा आधारच नाही, मागे अडकलेली गाडी ओढायच्या विंचचे पट्टे, टूलकिट, सगळं पडलेलं असतं. पोटात गोळाच आला.

पुण्यात नाना पेठेत स्पेअर घ्यायला जातो तिथे एका जुन्या कारागिराची ओळख निघाली, त्याच्याकडून बॅरल माझ्यासमोर खोलून घेतले. आता आत काय असतं ते नीट समजून घ्या. बॅरलमध्ये बारीक पितळी पत्त्या असतात, प्रत्येकीच्या मागे केसासारखी स्प्रिंग. पत्त्यांची मापं वेगवेगळी असतात. बरोबर किल्ली आत गेली की सगळ्या पत्त्या बॅरलच्या कडेला सपाट येतात आणि बॅरल फिरतो, चुकीची गेली की एखादी तरी बाहेर डोकावते आणि अडकते. एका किल्लीवर करणं म्हणजे त्या किल्लीच्या खाचांप्रमाणे पत्त्यांची अदलाबदल करायची, कमी पडेल ती नवीन टाकायची, बास. वेळखाऊ आहे, चिमट्याने एकेक बसवावी लागते, पण मशीन वगैरे काही लागत नाही. माझ्या उजव्या दारातल्या निम्म्याहून जास्त पत्त्या काढूनच टाकल्या होत्या, मागच्या दारातल्या कानशीने घासून सपाट केलेल्या, म्हणजे किल्ली घातली काय न घातली काय, अडवायला काही उरलंच नव्हतं. नवीन पत्ती एकही नाही. आणि डावीकडचा बॅरल माझा नव्हताच! कारागिराने दाखवलं, हलका लोकल माल होता, माझी जुनी डाव्या दाराची किल्ली त्यात आत सुद्धा जाईना. माझा चांगला बॅरल त्या किल्लीवाल्याने ठेवून घेतला.

फोन केला तर आधी म्हणाला जुन्या लॉकला असंच करावं लागतं, मग म्हणाला तुम्हीच कोणाकडून तरी छेडछाड करून घेतली असेल, मग फोन घेणंच बंद. बिल नसल्यामुळे पैसे दिल्याचा पुरावा फक्त यूपीआयचा, तो जोडून १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकली आहे.

ज्यांना करून घ्यायचंय त्यांच्यासाठी, काम असं चालतं. काच पूर्ण वर घ्यायची, काचेच्या हँडलमागची क्लिप फडकं घालून ओढली की निघते, मग दाराचं आतलं पॅड, मग त्यामागचा प्लास्टिकचा कागद, तो फाडू देऊ नका नाहीतर पावसाचं पाणी पॅडमध्ये उतरतं. बॅरल दाराच्या आतून यू आकाराच्या क्लिपने धरलेला असतो, त्याला जोडलेल्या दांडीची प्लास्टिक क्लिप जुन्या गाडीत हमखास तुटते, आधीच आणून ठेवा. खोलताना किल्ली बॅरलमध्येच ठेवायला सांगा, नाहीतर पत्त्या आणि स्प्रिंगा उडून जातात. दाराला बसवायच्या आधी बॅरल हातात घेऊन किल्ली बाहेर काढून बघा, पत्त्या बाहेर आलेल्या दिसल्याच पाहिजेत, किल्ली घातली की सगळ्या सपाट. नंतर त्याच जातीच्या दुसऱ्या गाडीची किल्ली घालून फिरवून बघा, आणि पैसे त्यानंतरच. काढलेल्या पत्त्या सुद्धा परत मागून घ्या. जुन्या किल्ल्या फेकू नका, बॅरल बदललाय का हे त्यांनीच कळतं. किल्ल्या किती बनवल्या तेही तिथेच मोजून घ्या, गाडी चोरीला गेली तर इन्शुरन्सवाले सगळ्या किल्ल्या मागतात.

माझी दोन्ही पुढची दारं त्या नाना पेठेतल्या कारागिराने व्यवस्थित करून दिली, डावीकडे भंगारातून मिळालेला जुना बॅरल टाकलाय. मागच्या दाराला लागणाऱ्या मापाच्या पत्त्या अजून मिळाल्या नाहीत, तोपर्यंत मागे कडी लावून वर कुलूप घालतो. कोणाकडे जिप्सीच्या मागच्या दाराचा मोडका का होईना पण मूळ बॅरल पडून असेल तर सांगा, मला त्यातल्या पत्त्या हव्यात, योग्य ते पैसे देईन.