मोटरसायकलची नवी ग्रिप: साधं रबर, जेल, फोम की क्लॅम्पवाली?

हँडलच्या मुठीवरची जुनी ग्रिप गुळगुळीत झाली की नवी निवडताना हात आपोआप सर्वांत मऊ जोडीकडे जातो. तिथे जरा थांबावं. रबर जितकं मऊ तितकी पकड छान, पण झीजही तितकीच लवकर.

रोज गाडी चालवणाऱ्याला मी मध्यम कडक, साध्या रबराचीच ग्रिप सुचवेन. दिसायला ती साधी असते, पण टिकते. ऊन, घाम, ऑइलचे हात आणि सॅनिटायझर यांनी कुठलंही रबर कधी ना कधी खराब होतंच. मात्र चांगलं रबर हळूहळू झिजतं, हलकं आधी चिकट होतं आणि मग तळव्याला काळं लागू लागतं. घेण्याआधी पांढऱ्या कापडाने जोरात घासून पाहा. नव्या ग्रिपचाच रंग उतरला तर ती घेऊ नका. साच्याच्या जोडाची कडही बोटाने तपासा. हातमोजे न घालणाऱ्याला ती तासाभरात टोचू लागते.

जेलच्या ग्रिपमध्ये आत मऊ थर आणि वर पातळ रबर असतं. एका सिलिंडरच्या गाडीवर लांब पल्ला मारताना हाताला मुंग्या येत असतील, तर तिचा फरक लगेच जाणवतो. पण वरचा थर एकदा फाटला की ग्रिप संपली, आणि बहुतेकदा एक्सिलरेटरची बाजू आधी जाते. शिवाय ती जाड असते. बोटं आखूड असतील तर आराम राहतो बाजूला, मनगटच भरून येतं.

फोम हलका असतो, कंपनही चांगलं शोषतो, पण गाडी आडवी पडली की टोकाला फाटतो. उघड्या छिद्रांचा असेल तर पावसात पाणीही धरतो. मूळ ग्रिपवर नुसतं चढवायचं फोमचं कव्हर मात्र एक्सिलरेटरच्या बाजूला नकोच. ते सरकलं तर मूठ फिरते आणि थ्रॉटल, म्हणजे एक्सिलरेटर, जागेवरच राहतो.

क्लॅम्पवाली ग्रिप चिखलात, खडकाळ वाटेवर उत्तम. स्क्रूने आवळलेली असल्याने ती फिरत नाही आणि बदलायलाही सोपी. प्लॅस्टिकच्या नळीवर रबर पातळ असल्याने कंपन मात्र हातापर्यंत येतं. उजवीकडची नळी तुमच्या मॉडेलच्या थ्रॉटल केबलला जुळते का, हे आधी पाहा.

माप चुकलं तर सगळंच वाया. बहुतेक गाड्यांच्या हँडलचा दांडा 22 मिलिमीटर जाडीचा, काही क्रूझरचा 25.4 चा असतो. थ्रॉटलच्या नळीमुळे उजवी ग्रिप आतून मोठी असते, त्यामुळे डावी-उजवी अदलाबदल चालत नाही. हँडलच्या टोकाला वजनं असतील तर उघड्या टोकाचीच ग्रिप घ्या. ती वजनं कंपन कमी करतात, काढून टाकू नका.

बसवताना ग्रिप आणि स्विचच्या डब्यात थोडी फट ठेवा. गोंदाने चिकटवली असेल तर तो पूर्ण वाळल्यावर, गाडी सुरू करण्याआधी, हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून एक्सिलरेटर पिळून सोडा. तो लगेच मागे आला नाही, तर गाडी रस्त्यावर काढू नका.