सीपीआरच्या सरावाचा पुतळा: सात महिने, दोन स्प्रिंगा

इंदूरच्या रामबागेतील आमच्या इमारतीने वर्गणी काढून साडेसात हजारांना घेतलेला हा सीपीआरच्या (हृदय बंद पडल्यावर छाती दाबून आणि श्वास देऊन करायच्या उपचाराच्या) सरावाचा पुतळा सात महिने दर रविवारी वापरला आणि गेल्या महिन्यात त्याची स्प्रिंग बसली. रबर, मान, श्वासाची पिशवी यांबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती त्या 'टक्' आवाजाची.

छाती 5 सेंमी दबली की पुतळा टक् करतो. ती पूर्ण वर आली की नाही, याबद्दल मात्र तो मुका आहे. दाब देताना रक्त शरीरभर ढकलले जाते, पण हृदयाच्या स्वतःच्या पेशींना ते मुख्यतः हात सैल सोडल्यावर मिळते, कारण त्या क्षणी महाधमनीतील दाब उजव्या अलिंदातील (हृदयाच्या वरच्या कप्प्यातील) दाबाहून जास्त असतो आणि त्या फरकावरच हृदयाला रक्त पुरवणाऱ्या कोरोनरी धमन्या वाहतात. हात छातीवर रेलून राहिले की हा फरक घटतो. बसलेल्या स्प्रिंगवर आम्ही नेमके हेच रेलणे शिकत होतो.

छाती 6 सेंमीपुढे, म्हणजे प्रमाणाबाहेर दबली तरी इशारा मिळत नाही, याचा दोष मी आधी मोठा धरला होता. हृदयपेशींच्या आवरणात ताणाने उघडणाऱ्या वाहिन्या असतात. त्यांतून आयन (विद्युतभारित कण) आत शिरले की पेशीचे विद्युत्‌संतुलन ढळते, म्हणूनच अगदी नेमक्या क्षणी छातीवर आदळलेला चेंडू निरोगी हृदयालाही फिब्रिलेशनमध्ये (अनियमित थरथरण्यात) लोटू शकतो. हे वाचून मी धास्तावलो होतो. तथापि सरावाला येणाऱ्यांपैकी बहुतेकांचा दाब कमीच पडतो, हे दर रविवारी पाहिल्यावर तो आक्षेप मी मागे घेतला. बंद पडलेल्या हृदयावर दाबच न देणे हा त्याहून कितीतरी मोठा धोका आहे.

सेवा केंद्राने छातीचा संपूर्ण संचच बदलावा लागेल असे सांगून 1800 रुपये मागितले, आणि सुटी स्प्रिंग मिळत नाही, हे वर ऐकवले. सियागंज बाजारात ती 60 रुपयांत मिळाली. ती थोडी कडक निघाली, पण छाती झटकन वर येते आणि कोपरे ताठ ठेवून कमरेतून भार दिल्याशिवाय टक् वाजत नाही. दोन मिनिटांनी माणूस बदलायचा, हा नियमही आता सांगावा लागत नाही, तळमजल्यावरच्या काकू स्वतःच "आता कोण?" असे विचारतात. तळहाताखाली कागदाची पट्टी ठेवतो. हात सैल सोडल्यावर ती सहज ओढता आली, तरच तो दाब आम्ही मोजणीत धरतो.

वाचलेल्या पैशांतून तशीच आणखी एक स्प्रिंग आणून ठेवली आहे.